शेरा : स्थानिक

आधी अंगठी दिसते.
गिम्साच्या जांभळ्या उजेडात, तांबड्या पेशीच्या कडेला
बारीक कडं आणि एक खडा,
सोनारानं घाईत वळल्यासारखं.
फाल्सिपेरम असला की एकाच पेशीत कधी दोन.
एकवीस वर्षं मी हे दागिने मोजते,
होटगीच्या पुढं, क्रशरच्या आवाजात,
जिथं पंखा लावला तर काचेवर धूळ बसते
आणि बंद केला तर घाम थेट आयपीसवर.

डॉक्टर मुदस्सर नदाफ गाळणकागदावर
रक्ताचे ठिपके घेऊन पुण्याला धाडायचे.
त्यांनीच सांगितलं,
यांचं लग्न आपल्या अंगात लागत नाही, मॅडम,
ते लागतं डासाच्या पोटात.
एका घोटात दोन घरची मंडळी आली
तर सोयरीक, नवं रूप, नवी खोड.
एकाच घरची आली
तर घरातल्या घरात उरकून घेतात.
मी म्हटलं, म्हणजे आमच्या गावासारखंच.
ते हसले नाहीत.

माझ्या लाकडी पेटीतल्या जुन्या काचाही त्यांनी नेल्या.

त्याच श्रावणात नागूबाई धोत्रेचा नातू आला.
सहा वर्षांचा, तळहात पांढरे,
चपलेत गिट्टीचे खडे.
अंगठ्या होत्या. मोजल्या. गोळ्या सुरू केल्या.
सरपंच मलकारी बिराजदार दारातूनच म्हणाले,
ही माणसं कुठून कुठून येतात, ताप घेऊन येतात.
रजिस्टरात दोनच पर्याय असतात,
मी पेन्सिलीनं लिहिलं : आयात.
दुसऱ्या रात्री पालं उठली.
तिसऱ्या दिवसाची गोळी माझ्या खणात राहिली.

निकाल संक्रांतीनंतर आला, नुसते रकाने.
खाणीत पुरुषभर पाणी साचलं होतं,
दर तिसऱ्या घरात कुणीतरी वाकळेखाली कुडकुडत होतं,
त्या साली अकरा घराणी,
एकेका थेंबात तीन-तीन,
जत्रेतल्या दुकानांसारखी खेटून.
मग मच्छरदाण्या, फवारणी, खाणीत गप्पी मासे.
सात. चार.
यंदा एकच,
पिढ्यान् पिढ्या स्वतःचंच अक्षर गिरवणारं.
आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा.

पोराच्या रक्तातलं ते एक घराणं
बारा वर्षांपूर्वीच्या एका काचेशी जुळत होतं,
खुणेला खूण.
क्रमांक चारशे सात.
मला रजिस्टर उघडावं लागलं नाही.
तीन घोंगड्या अंगावर, दात वाजतायत,
आणि तरी बाजेवरून मला विचारणारे मलकारी,
चहा घेतला का, बाई?

सरपंच आले तेव्हा कागद टेबलावरच होता.
कुणाची काच ती, जुनी?
गावातलीच, म्हटलं.
गावातली म्हणजे कुणाची?
मी आयपीस पुसत राहिले.
ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले,
तेव्हा फार थंडी वाजायची, नाही?
आणि गेले.

खोडरबरानं कागद थोडा फाटला.
आयात पुसून स्थानिक लिहिलं, या वेळी शाईनं.

क्रशर आता बंद आहे.
नागूबाई तिकडं विजापूरकडं गेली म्हणतात,
कुणी म्हणतं औशाला.
तिकडंही खाणी आहेत, खाणींत पाणी आहे,
आणि पोराच्या अंगात कदाचित
आमच्या गावचा शेवटचा तो एक,
अर्ध्या औषधातून तगलेला,
स्थळ बघत फिरणारा.

खणातल्या गोळीवर दुपारी ऊन येतं.
मी ती सरकवून ठेवते.