सोनकुसरे सरांचं कपाट

तांडापेठेत, पिठाच्या चक्कीच्या वर,
हेमराज सोनकुसरे फ्लेमेंको शिकवायचे.
उजव्या हाताची नखं फेव्हिक्विकनं टणक केलेली,
त्यात कापसाचा पातळ थर, मग कानस.
वहिनी म्हणायच्या, एवढी निगा यांनी
लग्नाच्या अंगठीचीसुद्धा राखली नाही.

मी अठराचा. शुद्धतेचं वय.
वहीच्या पहिल्या पानावर बारा मात्रा,
तीन, सहा, आठ, दहा, बारा यांना लाल गोल,
आणि खाली, दोनदा रेघ ओढून:
बाकी सगळं ऐकणं बंद.

मे महिना होता. लाईट गेली.
चक्की थांबली तसं पीठ हळूहळू
जिन्याच्या पायऱ्यांवर बसू लागलं.
सर बनियनवर. गिटार मांडीवरून उतरवत म्हणाले,
"का बे, घरी काय ऐकतं तू?"
मी छाती काढून सांगितलं, फक्त स्पेनचं.
"फक्त?"
"फक्त."
हसले नाहीत. डाव्या हातानंच,
उजव्याला जपत, लोखंडी कपाट उघडलं.

मला वाटलं, आत अंदालुसिया असेल.
कॅसेटी होत्या, साबणाच्या खोक्यांत उभ्या,
प्रत्येकीवर निळ्या शाईतलं तिरपं अक्षर:
दंडार, मोहाडीकडची, रात्र दुसरी. कुत्रं भुंकते, राहू द्या.
सदरचं चर्च. ऑर्गनवाल्या बाईला सर्दी.
ताजबाग, उरूस. तिसरा कव्वालच ऐकावा.
दीक्षाभूमी, पहाटे अडीच, ट्रकवर गाणारी पोरगी,
नाव विचारायचं राहिलं.
आणि एकीवर नुसतंच: बापाचा माग.

लाईट आल्यावर तीच लावली.
चाळीस मिनिटं खटका, धोटा, खटका.
मी बोटांवर मोजत होतो. बारा येईनात.
कधी अकरा, कधी साडेतेरा.
"धागा तुटला का मात्रा वाढे," सर म्हणाले,
"बाप कोणाले विचारत नव्हता."
मला त्या वेळी हे पटलं नाही.
आजही पूर्ण पटलंय असं नाही.

मग एक, झाकण नसलेली.
"हे रोज ऐकतो. वाजवायला बसायच्या आधी, एकदा."
वरात. जनरेटरची घरघर, कुणाचा तरी हॉर्न,
ढोलावाला लयीच्या पुढे पळतोय,
आणि त्या सगळ्यावर एक क्लॅरिनेट,
ओळीच्या ऐन मध्यात दम घेणारं,
गरम चहाचा घोट ओढावा तसा.

"पाह्य," सर म्हणाले, "चुकीच्या जागी श्वास घेते
अन् सूर काही पडू देत नाही. कोण आहे काय माहीत."

मला माहीत होतं.
पुढचे दोन दात पडल्यापासून
असा श्वास घेणारा एकच माणूस होता,
आणि त्याचा जरीच्या खांद्यांचा लाल कोट
मित्र यायच्या आत
मी खाटेखाली सरकवायचो.

मी म्हणालो, हाव सर, चांगलं वाजवते.
एवढंच.

गांधीबागेतून सायकल हातात धरून आलो.
बँडच्या दुकानांची शटरं अर्धी खाली,
एका फळीवर सुकत घातलेली टोप्यांची पिसं.
घरी बाबा दारात बसून
पेल्यातल्या पाण्यात रीड भिजवत होते.
मी विचारलं, बाबा, तुम्ही काय ऐकता?
म्हणजे, धंद्याचं सोडून?

"ऐकतो कुठं," ते म्हणाले,
"वाजवून वाजवून कान बसले."
रीड उजेडाकडे धरली. एक डोळा मिटला.
बराच वेळ गेला. मी चप्पल काढून आत निघालो,
तेव्हा पाठीमागून:

"तुझ्या त्या बाजाची जाडी तार उतरली आहे.
परवापासून."