कोटेशन

चिपळुणात मुबीन खतीबचं दुकान आता वरच्या मजल्यावर.
खाली नुसती पाटी, आणि जिन्याच्या भिंतीवर
पुराची छातीएवढ्या उंचीची मातकट रेघ.
चुना काढताना तेवढीच सोडलीय त्याने.

मी म्हटलं, साठ हजार. वर एक रुपया नाही.
त्यातही पालशेतच्या लग्नाचे नऊ यायचेत, ते धरून.
बसा जांभारकर ताई, म्हणाला,
कॅलेंडरवरचा सरलेला महिना फाडला
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला
वाणसामानाच्या यादीसारखं, एकाखाली एक.

प्रोसेसर मधला. मदरबोर्ड असा, की उद्या काही वाढवता येईल.
रॅम बत्तीस. सोळावर भागतं,
पण अल्बमची चाळीस पानं एकदम उघडलीत
तर कुंभार्लीत उसाचा ट्रक चढतो तशी चढेल.
ग्राफिक्स कार्ड—
पेन टेकवून थांबला. एकटं सतरा हजार.

मी काचेच्या कॅबिनेटकडे बघत होते,
आत निळे-जांभळे पंखे, मखरातल्या दिव्यांसारखे.
तिकडे नका बघू, म्हणाला,
त्यातनं फोटोवर दिडकीचा उजेड पडत नाही.

घर समुद्रापासून किती?
साखरी आगर. भरतीला अंगणात शिंतोडे येतात.
मग मीच सांगत बसले:
कडी-कोयंडे दोन वर्षांत पापुद्रे सोडतात,
कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेत हिरवं उगवतं,
लेन्सा डब्यात ठेवते, आणि गोळ्यांच्या बाटल्यांतल्या
त्या पांढऱ्या पुड्या फेकू नका
म्हणून गावभर सांगून ठेवलंय.
त्याने जाळीचं कॅबिनेट खोडलं, साधं पत्र्याचं लिहिलं.
वीज जाते? विचारलं, आणि माझं तोंड बघून
स्वतःच यूपीएस मांडला.

सत्तर हजार पाचशे.

चहा आला. त्याने कार्डावर आडवी रेघ मारली.
जागा ठेवतो, म्हणाला, पुढेमागे बसवू.
आमच्याकडे स्लॅबवर सळ्या सोडतात तसं,
वरचा मजला कधीतरी चढेल म्हणून.
बहुतेकांच्या त्या तशाच गंजतात, ते मी बोलले नाही.

मॉनिटर राहिला.
त्याने दोन शेजारीशेजारी लावले
आणि माझ्याच पेन ड्राइव्हमधला फोटो दोन्हीवर उघडला.
पालशेतची नवरी. हळदीचा.

डावीकडे ती माझ्या ओळखीची होती,
सात वर्षं लॅपटॉपवर सगळ्याच दिसल्या तशी,
निळसर दुधात बुडवून काढलेली.
उजवीकडे हळद हळदीसारखी,
गळसरीखालची कातडी फिकी, वरची उन्हाने रापलेली,
कोपराला कालवं फोडतानाचा जुना व्रण.
मी तो फोटो काढला होता.
व्रण मी आत्ता पाहिला.

किती जणी अशा बुडाल्या माझ्या हातून.
तक्रार एकीनेही केली नाही, पेढे तेवढे आले.

दोघांत फरक नऊ हजारांचा.
बरोबर नऊ. आणि नवऱ्या मुलाचा काका
फोनवर म्हणाला होता: बाकी लगेच देतो,
फक्त तिला जरा उजळ करून टाका.

उजळ करणं काय, एक दांडी उजवीकडे सरकवायची.
इतकी वर्षं ते काम पडदाच करत होता,
मला नकळत. ह्या मॉनिटरवर
मला स्वतःला करावं लागेल, बघत बघत.

रॅम सोळा करा, मी म्हटलं. उजवीकडचा द्या.
मुबीनने पुन्हा बेरीज केली:
एकोणसाठ हजार पाचशे.
वरचे पाचशे केबल आणि गाडीखर्चाला, म्हणाला,
आणि सही केली, जणू मी त्याच्याकडून कर्ज घेतलंय.

बाकीचं गुरुवारी येईल. मॉनिटर मी तेव्हाच उचलला.
शृंगारतळीला गाडी बदलली, खोका मांडीवर,
खोक्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.
कंडक्टर म्हणाला, ह्याचं हाफ तिकीट पडेल.
टीव्ही काय?
मी म्हटलं, हो.