नमुना

चादर आधी अंगणात झटकायची,
हे मिंगेलनं पहिल्याच दिवशी सांगितलं.
वाळू आत गेली तर मशीन खोकतं,
आणि खोकल्याचं औषध तुझ्या पगारातून.

पर्वरीची लॉन्ड्री, सहा हॉटेलांची धुणी,
संध्याकाळी साडेसहा ते अकरा, तासाला नव्वद.
चौथ्या सेमिस्टरची फी म्हणजे किती चादरी,
हा हिशेब एकदा मांडला होता.
मग खोडला. झोप येईना.

सकाळी ताळगावच्या पठारावर
तळावलीकर सर चाळण्यांची उतरंड रचतात,
वर जाड जाळी, तळाशी नुसतं भांडं.
शंभर ग्रॅम वाळू, पंधरा मिनिटं.
यंत्र घरघरतं, आणि मी उभ्या उभ्या डुलकी घेते.
आवाज थेट आमच्या ड्रायरचा,
फक्त इथं घाम येत नाही.

रिवणहून आई फोनवर विचारते,
एवढं शिकून शेवटी दगडच गो?
खाण बंद झाल्यापासून बाबा
दगड हा शब्द काढत नाहीत.
त्यांचा टिप्पर दारात उभा आहे,
त्याच्यावर दुधीचा वेल चढलाय. दुधी मात्र गोड.

परवा एका गाठोड्यातून काळी वाळू निघाली.
चिठ्ठीवर: २०७.
सुभासिनी म्हणाली, सोना है क्या?
मी मिंगेलच्या फ्रिजवरचं चुंबक काढून आणलं,
सायबाचं चित्र असलेलं,
आणि कण उठून उभे राहिले त्याच्या पायाशी,
डिसेंबरातल्या फेस्ताच्या रांगेसारखे.
सुभासिनीनं हात जोडले. मी लोह, एवढंच म्हटलं.
चिमूटभर पुडीत बांधली.
उरलेली पाण्याबरोबर गटारात गेली,
तिथून कुठं, ते मला परीक्षेत विचारतील.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
कोनदार आहेत, म्हणाले,
कडा झिजलेल्या नाहीत अजून.
फार लांबून आलेले नसणार.
मला उगाच वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत.

त्यांनी वही ओढली. ठिकाण?
वागातोर असावं, सर.
असावं?
ते थांबले, मग लिहिलं. तारीख?
सांगितली.
खोली?
दोनशे सात,
माझ्या तोंडून गेलं.

सरांचं पेन हवेत.
मीटर?

खाली पणजीची बस हॉर्न देत होती.
साडेपाच झाले होते.
मी पुडीची घडी पुन्हा नीट घातली
आणि सॅक उचलली.