आगीवाचून

पाच वेळा दाबा, लागोपाठ, केझिया सांगते,
बेल वाजवून पळणाऱ्या पोरासारखं.
विल्फ टास्कर तीनदा दाबतो, थांबतो,
स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो.
जाड अंगठा. माशांच्या काट्यांनी टोचून टोचून
त्याला आता काही कळत नाही.
पुन्हा पाच.
निळा दिवा लागतो, शिताएवढा.

ग्रिम्सबी. फ्रीमन स्ट्रीट.
इथे आधी बुटांचं दुकान होतं,
लग्नातले बूट त्यानं इथूनच घेतले होते, अर्धा नंबर लहान.

आता टाकी भरायची. कडेकडेनं.
मधल्या भोकात नाही हं.
मधल्या भोकातच जातं.
असू दे, ती म्हणते, सगळ्यांचं जातं.
आणि आता पाच मिनिटं थांबायचं,
आतला कापूस भिजला पाहिजे,
कोरडाच तापला तर घसा सोलून निघेल.

हे त्याला कळतं.
सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी कळतं.
भुसा ओला लागतो.
कोरडा भुसा ज्वाळा धरतो
आणि रात्रभरचा माल करपतो.
एकेचाळीस वर्षं त्यानं धूर राखला,
जशी कुणी गुरं राखतं.
डांबर चढलेल्या भिंती, गजांवर टांगलेले हॅडॉक,
रात्री दोनला दार किलकिलं करून बघायचं:
धूर दाटलाय की नुसताच फिरतोय?
बघताना तोंडात सिगारेट.
आतला कुठला, तोंडातला कुठला,
हे त्यानं कधी विचारलं नाही,
फुप्फुसांनीही नाही, गेल्या मार्चपर्यंत.

चव कुठली देऊ?
कस्टर्ड, ब्लूबेरी, कलिंगड, बर्फ.
बर्फाला चव असते?
गार लागतं.
बर्फात हात घालून मी म्हातारा झालो, पोरी.
हॅडॉक आहे का?
ती खरंच वळून फळीवर शोधते,
मग मान मागे टाकून हसते.
कस्टर्ड, तो म्हणतो. शाळेत मिळायचं.

पहिला झुरका तो घेतो सवयीनं,
गाल आत, एक डोळा बारीक.
असा खोकतो की काउंटरखालचा कुत्रा
उठून बसतो.
ओढू नका, ती म्हणते.
मग काय करू? फुंकू? पिऊ?
ती विचारात पडते.
याला क्रियापद नाही अजून, निदान तिच्याकडे नाही.
हळू, ती म्हणते. कुणी झोपलंय शेजारी,
असा श्वास घ्या.

तो घेतो.
ढग निघतो, पांढरा, गुबगुबीत,
कुठल्याही कामाचा नसलेला.
डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणारच,
असं तर्क शिकवणारे सांगून गेले.
इथे डोंगर नाही. सगळा मुलूख ताटासारखा सपाट.
आणि एका म्हाताऱ्याच्या नाकातून
हे असं, आगीवाचून.
त्यानं काही टिकत नाही, तो म्हणतो.
म्हणजे?
मासा. याच्यात टांगला तर सकाळी नासेल.

घरी एव्हरिल त्याचा कोट हुंगते.
कॉलर, बाही, पुन्हा कॉलर.
बेकरीतून आलास का? विचारते,
आणि कोट खुंटीला लावताना
जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवते.

पाकिटात चार उरल्यात.
त्या त्यानं कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत लपवल्यात,
आणि एव्हरिलला ते ठाऊक आहे,
कारण चिमटे तीच वापरते.
उद्याचं उद्या.

रात्री दोनला जाग येते, येणारच.
मागच्या पायरीवर बसतो.
पाच वेळा. शिताएवढा दिवा.
समुद्राकडून वारा, त्यात मिठाचा आणि डिझेलचा वास,
ढग कुंपणापर्यंतही पोचत नाही.
तर्जनी आपोआप उठते,
नळीच्या टोकावर टिचकी मारते,
राख झाडते.
तो वाकून पायरी बघतो.
मग पुन्हा एक टिचकी,
या वेळी मुद्दाम.