बावीस साल अजून यायचंय

रात्रपाळी. आमच्या घड्याळात पाच,
भिंतीवरच्या घड्याळात अकरा.
आदिसचा विमानतळ, वरचा मजला, काचेचं दार,
दाराशी मी, त्सिगेरेदा,
आणि माझ्यापुढे यंत्र. हिरवा दिवा, लाल दिवा.

दार कुणाला उघडतं हे मी झोपेतही सांगीन.
पुढच्या रांगेचं तिकीट असेल तर न विचारता.
सोनेरी कार्ड असेल तर सोबत एकजण फुकट.
चंदेरी असेल तर एकट्यानं,
तेही आमच्याच विमानानं जाणार असाल तर.
बँकेचं कार्ड चालतं, वर्षातून चारदा;
पाचव्यांदा माणसं माझ्याकडे अशी बघतात
जणू त्यांच्या आधीच्या चार खेपा मीच खाल्ल्या.
यातलं काहीच नसेल तर पन्नास डॉलर, तीन तास,
आणि आतलं सूप संपलं असेल तर
त्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही.

समोर फरशीवर बैरूतहून परतलेल्या पोरी,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या बॅगांना टेकून.
त्या दाराबद्दल कधी विचारत नाहीत.
चार्जर कुठे लावायचा, एवढंच.

बुधवारी आतो मुलुगेता आले.
खांद्यावर पांढरी गाबी, पायात नवे बूट,
मुलीकडे ऑस्लोला निघालेले, शेवटून तिसऱ्या रांगेत.
त्यांनी कार्ड ठेवलं. सोनेरी, कडा झिजलेल्या.
लाल दिवा.
मी म्हटलं, मुदत संपलीय. जून बावीस.
ते म्हणाले, पोरी, आपल्या पंचांगात
अजून अठरावं साल चालू आहे.
बावीस यायचंय.

सहा वर्षांत मला अनेक कारणं सांगितली गेली.
कार्ड धुण्यात गेलं, बायको घेऊन गेली,
मी कोण आहे ठाऊक आहे का.
हे कारण मात्र खरं होतं.
मी पुन्हा कार्ड लावलं, यंत्राला जरा वेळ देऊन.
लाल.

मग मी पन्नास डॉलरचं सांगितलं, हळू आवाजात.
ते हसले. म्हणाले, मला खायचं नाही, उपास आहे.
चाळीस वर्षं कॉफी चाखून प्रतवारी लावली मी,
हॅम्बर्गला जाता-येता इथेच बसायचो.
आत हल्ली कुठली देतात, तेवढं बघायचं होतं.

मागे लुओ उभा होता, जिम्माच्या रस्त्यावरचा इंजिनिअर,
अकरा वर्षं इथली धूळ खाल्लेला.
मोडक्या अम्हारिकमध्ये म्हणाला,
माझ्या कार्डावर एकजण फुकट जातो ना?
दर वेळी ती जागा वाया जाते.
हिरवा दिवा.
वहीत पाहुण्याशी नातं लिहायचा रकाना आहे.
लुओनं लिहिलं: रस्ता.

काचेतून मी पाहिलं.
आतोंनी कप घेतला, दूध नको म्हणून हात हलवला,
आणि एवढ्या जोरात भुरका मारला
की दोन मंत्री वाटावेत असे गृहस्थ दचकले.
तोंडात घोळवली, मग थुंकायला भांडं शोधू लागले.
कोच, ऑर्किड, वर्तमानपत्रं, भांडं कुठेच नाही.
नाइलाजानं गिळली.

दहा मिनिटांत बाहेर.
अजून दोन तास पन्नास मिनिटं आहेत, मी म्हटलं.
भाजणी दीड मिनिट जास्त, ते म्हणाले,
आणि नाव सिदामोचं लावलंय, दाणा सिदामोचा नाही.
मग बैरूतच्या पोरींपाशी जाऊन बसले.
एकीच्या थर्मासमध्ये काहीतरी होतं.
टोपणातून दिलेलं ते
त्यांनी भुरका न मारता प्यायलं.

विमान गेल्यावर पाहिलं तर कार्ड इथेच राहिलेलं.
सापडलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकायला हवं होतं,
मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.
चार वर्षं आहेत अजून.

भाजणीचं मात्र मी वर कळवलं.
उत्तर नाही.