आडवा

रावपुऱ्यात, घड्याळजीच्या दुकानावर दुसरा मजला.
लिफ्ट नाही. चपला बाहेर.
शर्वाणीसाठी आले होते मी.
तेरावं सरत आलं तरी हिचा वरचा डावा सुळा
उगवलेलाच नव्हता. दुधाचा तेवढा बसून,
मालकाचा पत्ता नाही म्हणून
खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा.

झंखनाबेननी फोटो उजेडावर धरला.
"जुओ, आडो सूतो छे."
टाळूच्या हाडात, कुशीवर,
मुळासकट पुरा,
फक्त खाली वळायचं विसरलेला.

मग सहजच म्हणाल्या, आईचाही काढू या का एक?
हे घराण्यातनं येतं.

माझा मुळातच नाही, मी सांगितलं.
सत्तावीस वर्षं हेच सांगतेय.
बारा वर्षांची असताना भाऊबिजेच्या ताटावर
यमूआत्यानं निकाल देऊन टाकला होता:
हिला देवानं एक कमीच दिलाय.
तेव्हापासून ओठ मिटून हसते.
वीज कंपनीच्या खिडकीवर लोक म्हणतात, बाई कडक आहे.
बघायला आले तेव्हा आई कानात म्हणाली होती,
बेतानं हास.
लग्नाच्या अल्बमात मी पानोपानी अशी,
की कुणीतरी आत्ताच गुपित सांगून गेलंय.

हनुवटी टेकवली. यंत्र डोक्याभोवती फिरलं,
गरब्याच्या शेवटच्या फेरीतल्या
दमलेल्या बाईसारखं.

होता.

उजवीकडे, नाकाच्या खाली,
आडवा, शाबूत.
मी नाही नाही म्हणत होते
तेव्हा सगळं ऐकत असणार,
इतक्या जवळून.

शर्वाणीचं सोपं. म्हणजे लांबलचक, पण सोपं.
दुधाचा काढायचा, तारा लावून जागा करायची,
हिरडी जराशी उघडून दातावर एक बटण चिकटवायचं,
बटणाला सोन्याची साखळी, मुंगीच्या गळ्यात शोभेल एवढी,
आणि महिन्याच्या महिन्याला थोडं ओढायचं.
दीड वर्ष. कदाचित दोन.
"ओढायचं नाही, बोलवायचं,"
झंखनाबेन मराठीत म्हणाल्या, खास माझ्यासाठी.

आणि माझा?
तो हाडाशी एकजीव झालाय बहुतेक.
बोलावलं तर तो यायचा नाही,
शेजारचेच त्याच्याकडे ओढले जातील.
कोरून काढून स्क्रूवर नवा बसवता येईल.
शेजारचे दोन घासून पूल बांधता येईल.
नाहीतर असू दे,
एक-दोन वर्षांनी फोटो काढून बघत राहायचं.

खंडेराव मार्केटच्या पिशवीवर हिशेब मांडला.
हप्ते एकीचेच बसत होते.
मी "असू दे" म्हटलं,
आणि पहिल्यांदाच ते मोडता घातल्यासारखं वाटलं नाही.

तारा लागल्या त्या आठवड्यात सेवउसळ खायला गेलो.
ती शेव मऊ व्हायची वाट बघत बसली,
तिच्यासोबत मीही.
रश्शावरचा तेलाचा तवंग
हळूहळू काठाला गेला.

रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन आली.
आ कर.
दिसत नाही ग. थांब. हे काय, टाळूला फुगवटा लागतोय.
हाच?
तुला माहीत नव्हतं? कधीच जीभ लागली नाही?
हा येईल का ग कधी?

मला नाही म्हणायचं होतं.
तिचं बोट तोंडात होतं.