बेचाळीस अक्षरं

पडद्यावर दोन ओळी, एका ओळीत बेचाळीस अक्षरं,
आणि प्रेक्षकाला वाचायला तीन सेकंद.
हा माझा धंदा. सबटायटल्स लिहिते,
अंधेरीच्या एका तळघरात, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून.

या आठवड्यात कुठल्याशा बर्फाच्या गावातला सिनेमा.
दोन मुली, पंधरा-सोळाच्या, दोघींत एक सायकल.
एक बडबडी. दुसरी नखं खाणारी.
एकोणसाठाव्या मिनिटाला नखं खाणारी
गोठलेल्या तळ्याकडे बघत एक वाक्य बोलते.
त्यातल्या क्रियापदाला त्यांच्या भाषेत दोन अर्थ:
आवडणं, आणि ते दुसरं.
बडबडी पहिला अर्थ उचलते. हसते. म्हणते, मलाही.

मी पॉज केलं.

कन्नमवार नगर, विक्रोळी. चौऱ्याण्णव साल.
खो-खोत आठ जणी एका रांगेत बसतात,
एकीचं तोंड पूर्वेला तर शेजारणीचं पश्चिमेला.
नूतन घाडी माझ्या शेजारच्या चौकोनात.
म्हणजे तीन वर्षं, चार पावलांवर बसून,
आम्ही कधी एका दिशेला बघितलं नाही.
तिच्यासमोर खारफुटी आणि खाडीचा वास,
माझ्यासमोर हायवे.
ती मागून यायची, खरखरीत आवाजात ओरडायची, खो!
मी सुटायचे, ती माझ्या जागेवर बसायची.
नियमच तसा. एका चौकोनात दोघींनी बसायचं नाही.
आणि खो मिळण्याआधी उठलीस तर फाऊल.

नूतन मला एक्केचाळीस नंबरच्या सुहासबद्दल सांगायची,
त्याचा चष्मा, त्याची ल्यूना, त्याचं बघणं.
मला सुहासचा भयंकर राग यायचा.
मी त्याच्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते.
या रागाला काय म्हणतात ते शोधायला
शाळेच्या शब्दकोशात गेले, लायब्ररीतल्या बाईंची पाठ असताना.
मैत्री. मैत्रीण. खाली मैदा, मैदान, मैना.
मैत्रीण आणि मैदा यांच्या मधे
काहीतरी असायला हवं होतं, असं वाटलं.
पान उजेडात धरूनसुद्धा पाहिलं.

ठाण्याला फायनल हरलो त्या रात्री
गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून,
सोललेल्या गुडघ्यांना हळद लावून बसलो होतो.
पहिल्यांदाच दोघींची तोंडं एकीकडे.
तिच्या मुठीत भडंग.
मी म्हटलं, नूतन, मला तू आवडतेस.
ती म्हणाली, मग? मलाही तू आवडतेस, येडे.
खाली कुणीतरी पंप चालू केला. टाकी भरायला लागली.
झालं. एवढंच.
पुढे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले
की तिला कळलंच नाही. बरं झालं, कळलं नाही.

आता तळघरात मी ते दृश्य मागे नेते,
एकेक फ्रेम, कामाचा भाग म्हणून.
आणि बघते: बडबडीचं हसू लगेच येत नाही.
बारा फ्रेम्स ती नुसती बघते. अर्धा सेकंद.
तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावरून दुसरा अर्थ जातो,
ती त्याला जाऊ देते,
मग मैत्रिणीला लागणार नाही असा अर्थ निवडते
आणि हसते.

नूतन, तुझी मूठ.
भडंग खाता खाता तू थांबली होतीस.
पंप सुरू होईपर्यंत ती मूठ तशीच मिटलेली होती.

क्लायंटची टीप आली आहे: संदिग्धता नको,
सरळ 'प्रेम' लिहा, लोकांना कळायला हवं.
घरून संहिताचा फोन, दूध आण, आणि किती वाजेपर्यंत येतेस.
दहा मिनिटं, म्हटलं. ती हसली. माझी दहा मिनिटं तिला माहीत आहेत.

मी लिहिलं: मला तू आवडतेस.
मोजली, मोकळ्या जागा धरून दहा अक्षरं.
बत्तीस उरली. उरू देत.
फक्त पुढचं 'मलाही'
जिथे तोंड उघडतं तिथे न लावता
बारा फ्रेम्स आधीपासून रिकामी ठेवली ओळ,
कुणी बघितलीच तर दिसावी म्हणून.